रोज सकाळी आठचा फोन

सूनबाई,

डॉक्टरांकडे नंबर लागला! कुणीतरी येणार नाही म्हणून आत्ता फोन आला. मी घसा दाखवायला निघाले. दूध तापवलंय, गार झालं की आत ठेव.

फोनवरची बाई म्हणाली, "तुमची लेक तीन आठवडे रोज आठच्या ठोक्याला फोन लावतेय, पण पाच मिनिटांत नंबर संपतात. म्हणून आज पहिलं तुम्हालाच कळवलं." आणि मी मेलीनं परवा टोमणा मारला, की सकाळी दार लावून माहेरी गप्पा झोडतेस! चुकलं गं माझं.

हा बसलेला आवाज सुटला, कीर्तनात बुवांच्या मागे पुन्हा गाता आलं, तर ती देवाची नि तुझी कृपा.

तू सून आहेस, हे मी त्या बाईला सांगितलंच नाही.

— आई