झग्याच्या आतलं माणूस

प्रिय ठकू,

हे पत्र तुला बोटीने मिळेल, पिठाच्या पोत्यांबरोबर आणि रॉकेलच्या डब्यांबरोबर. आणि त्याच बोटीने तू बेटावरच्या कायमच्या नेमणुकीच्या कागदावर सही करून पाठवणार आहेस. सामान उतरवायला लागतो तेवढाच काय तो मधला वेळ. तेव्हा आधी हे वाच आणि मग पेन शोध. मी नेहमीसारखी फाटे फोडणार, इकडचं तिकडचं सांगत बसणार, पण तू मधलं गाळून शेवटावर उडी मारू नकोस. लहानपणी गोष्टीच्या पुस्तकाचं शेवटचं पान आधी वाचायचीस आणि मग पुस्तक कोपऱ्यात टाकून द्यायचीस. ती खोड अजून गेली नसेल तर आजच्या दिवस आवर. मागच्या फोनवर मी एक शब्द बोलले नाही, त्याचा तू काय अर्थ लावलास तेही मला माहीत आहे. तिकडून फोन येतो, इकडून लागत नाही, आणि आता वादळी दिवस संपेपर्यंत तोही बंद. म्हणून लिहायला बसले.

घरी सगळं ठीक आहे. म्हणजे घरात मी आहे आणि मी ठीक आहे, त्यामुळे सगळं ठीक. तुझ्या खोलीची खिडकी फुगली आहे, लागत नाही, मी तिला खुर्ची टेकवून ठेवली आहे. खालच्या मजल्यावरच्या बाई मुलाकडे राहायला गेल्या, त्यामुळे जिन्यात भेटून बोलायला होतं तेवढं माणूसही गेलं. आता मी रेडिओशी वाद घालते. बातम्या देणारी बाई चुकली की तिला सांगते, तुझं चुकतंय. ती ऐकून घेते, हा तिचा चांगुलपणा. तू आणि बाबा मिळून मला टेपरेकॉर्डर म्हणायचात. बाबा गेले, तू गेलीस, आणि टेप अजून चालूच आहे. परवा वाण्याच्या दुकानात मात्र उलटंच झालं. तो विचारत होता काय हवं, आणि मी तोंडातून अक्षर न काढता हात लांब केला, बोटांची चोच केली आणि साबणावर टोच मारली. दुकानात दोन बायका होत्या, त्या माझ्याकडे बघतच राहिल्या. मी घरी येईपर्यंत हसत होते. घरी आल्यावर हे सांगायला कोणी नव्हतं, तेव्हा हसू आपोआप थांबलं.

तू होतीस तेव्हाचं आमचं केंद्र राहिलं नाही आता. तेव्हा आपण करकोच्यांच्या पिल्लांना हाताने भरवायचो, तू शाळेतून आलीस की एखादं मांडीवर घेऊन बसायचीस. ती सगळी पिल्लं मोठी झाली आणि माणसं दिसली की त्यांच्यामागे चालायला लागली. शेतात, रस्त्यावर, कुत्र्यांच्या तोंडी. एक तर शाळेच्या मैदानात जाऊन उभं राहिलं होतं. तेव्हापासून केंद्राच्या मॅडमनी नियम बदलले. आता पिल्लाला अंड्यातून बाहेर आल्यापासून माणूस दिसता कामा नये आणि ऐकू येता कामा नये. मी डोक्यापासून पायापर्यंत पांढरा झगा घालते, तोंडावर जाळी, आणि उजव्या हातात मोठ्या करकोच्याचं कापडी डोकं, लाकडी चोचीचं. त्या चोचीने मासा उचलून देते, चिखलात किडे कसे शोधायचे ते दाखवते. करकोच्याचा आवाज हवा असेल तर कमरेला बांधलेल्या छोट्या स्पीकरमधून वाजवते. मला शिंक आली तरी बाहेर पळायचं. पिल्लं त्या कापडी डोक्याला आई समजतात आणि त्याच्याखाली जो हात असतो तो कुणाचा, याच्याशी त्यांना काही देणंघेणं नाही. इतका चांगला चाललाय माझा संसार.

आणि मग असतो तो पळापळीचा दिवस. हा तू पाहिलेला नाहीस. पिल्लांना पंख फुटायला लागले की एक दिवस आमचीच माणसं साध्या कपड्यांत, पातेली बडवत, आरडाओरडा करत कुंपणावरून आत घुसतात. आमचा ड्रायव्हर या कामासाठी वर्षभर वाट बघतो, इतका गरीब माणूस, पण त्या दिवशी त्याच्या अंगात येतं. मी झग्यात असते. मी कमरेचं बटण दाबून धोक्याचा आवाज वाजवायचा आणि पिल्लांना घेऊन उंच गवतात पळत सुटायचं, म्हणजे त्यांना कळतं की हे दोन पायांवर ओरडत येणारं जे आहे ते वाईट, त्याच्यापासून लांब राहायचं. माणसाची भीती शिकवल्याशिवाय त्यांना सोडता येत नाही, कारण भीती नसलेला पक्षी आपल्यात टिकत नाही. या वेळी मी गवतात पिल्लांना पोटाशी घेऊन बसले होते आणि ड्रायव्हर पातेलं वाजवत आमच्या बाजूला आला, तर ठकू, मीही गवतात आणखी खाली दबले. ज्या माणसाबरोबर मी रोज चहा घेते त्याची मला खरोखर भीती वाटली. जाळीतून तो किती मोठा आणि किती बिनकामाचा दिसत होता. तुझी फार आठवण आली मला तेव्हा. मला वाटलं, तुला माणसं अशीच दिसत असणार.

तुझा फोन आला तो त्यानंतर थोड्याच दिवसांनी. झग्यात फोन नेणं हा गुन्हाच आहे, पण तू आठवड्यातून एकदाच करू शकतेस आणि वेळेचा काही भरवसा नाही, म्हणून मी तो आवाज बंद करून आतल्या खिशात ठेवते. मी दोन दारांच्या मधल्या खोलीत होते. बाहेरचं दार मागे लागलं होतं, आतलं दार अर्धं उघडलं होतं आणि फटीत पाच चोची होत्या. फोन थरथरला. मी तो जाळीच्या आत कानाला लावला. तू घाईघाईने सांगायला लागलीस, की त्यांनी कायमची नेमणूक देऊ केली आहे, की तिथे तुझ्याबरोबर काम करणारा माणूस परत चाललाय आणि पुढे तू एकटीच असशील, आणि त्याला तुझी हरकत नाही, उलट तेच हवंय. बेटावरची वस्ती उठून गेली तेव्हापासून तिथे पक्षी कसे परत आले तेही सांगितलंस, पडक्या घरांच्या चुलीत घरटी आहेत म्हणालीस. मग म्हणालीस, "आई, आपण नसलो की सगळं नीट होतं. मी रोज डोळ्यांनी बघतेय." मी एक अक्षर काढलं असतं तर पाच पिल्लांची सगळी मेहनत पाण्यात गेली असती. बाहेरचं दार मागे हात करून उघडायला गेले तर झगा कडीत अडकला. वारा ऐकू येत होता तुझ्याकडचा. मग म्हणालीस, "तू काही बोलत नाहीस, म्हणजे तुझी हरकत नाही असं समजते." आणि ठेवलास. मी आत गेले आणि पिल्लांना मासे दिले.

ती पाचही आता गेली. पाणथळीवर रानटी थवा उतरला होता, त्यात मॅडमनी त्यांना सोडायचं ठरवलं. चार जणं गेली, मागे वळूनही पाहिलं नाही. पाचवी एक लंगडी होती, अंड्यातून बाहेर येतानाच पाय अधू असलेली, तिला मी महिनाभर पाण्यात उभं करून चालायला शिकवलं होतं. ती थोडं उडायची आणि परत झग्याजवळ येऊन उभी राहायची. थवा उठायच्या बेतात होता. मॅडमनी लांबून खूण केली की हाकल. मी हात पसरून तिच्या अंगावर धावून गेले, त्या कापडी डोक्याने तिला पाठीवर टोचलं. ती गोंधळली, बाजूला झाली, परत आली. मी पुन्हा टोचलं, जोरात. मग ती उडाली आणि थव्याच्या मागून गेली, आणि मी चिखलात बसून राहिले. मॅडमनी येऊन मला मिठी मारली. म्हणाल्या, इतकं चांगलं काम कुणाचंच झालं नव्हतं, तिला शेवटपर्यंत कळलं नाही की तुम्ही कोण होतात. त्या मनापासून कौतुक करत होत्या आणि मला ओक्साबोक्शी रडू आलं. झग्याचा हा एक फायदा, आत कोण काय करतंय ते बाहेर दिसत नाही.

तेव्हापासून मी तुझ्याशी मनातल्या मनात भांडते आहे. आपण नसलो की सगळं नीट होतं, म्हणतेस. तुझ्या बेटावर होत असेल, चारी बाजूंनी समुद्र आहे तिथे. इकडे ये आणि बघ. ही पाणथळ आपल्या आजोबांच्या पिढीने वाळवली, नदी वळवून नेली, वर कारखाने आणि घरं बांधली, त्यातल्याच एका घरात तू जन्मलीस. आज तिथे जे पाणी आहे ते एक म्हातारा पंपवाला रोज सकाळी सोडतो म्हणून आहे. तो पडशाने दोन दिवस झोपला तर कडेचा चिखल तडकायला लागतो. आपण सगळे उद्या उठून गेलो तर करकोचे उतरतील कुठे? पाहुण्याने घरातली लोणच्याची बरणी फोडायची आणि वर म्हणायचं, मी निघतो, मी गेलो की तुमचं बरं होईल. अरे, आधी काचा तरी उचल. माणूस कशासाठी आहे हे मला विचारू नकोस, मॅडमना विचार, त्यांनी त्यावर भाषणं दिली आहेत. मला एवढंच दिसतं की मोडलंय आपण आणि हातही आपल्यालाच आहेत. लंगडी आज उडते आहे ती कुणीतरी गुडघाभर पाण्यात तिला धरून उभं होतं म्हणून. तू म्हणशील, पण त्याची किंमत म्हणून तुला स्वतःला पुसून टाकावं लागलं ना. हो, लागलं. पक्ष्यांपुरतं ते ठीक आहे. माणसांनी माणसांशीही असंच वागायचं असतं, हे मी तुला कधी शिकवलं नव्हतं.

हे सगळं मी फार विचार करून जमवलं आहे, आणि खरं सांगू, यातलं काहीच सांगण्यासाठी हे पत्र नाही. वाद घालायचा तर मला रेडिओ आहे. तू पहिल्यांदा निघालीस तेव्हा मी स्टँडवर विनोद करत होते, लवकर चढ, खिडकी मिळणार नाही म्हणून तुला ढकलत होते, आणि सगळे म्हणाले, किती खंबीर बाई आहे. पुढे तू जे जे विचारलंस त्याला मी तुला योग्य वाटेल ते कर म्हणत आले, आणि तेव्हा ते बरोबरच होतं. पण त्या दिवशी फोनवर तू विचारलंस तेव्हा मी गप्प नव्हते, ठकू. त्या दोन दारांच्या मधे, फोन कानाशी धरून, मी मान हलवत होते. नाही म्हणून. तू ठेवल्यावरही हलवत होते, पिल्लं माझ्याकडे बघत होती. तुला ते दिसणं शक्य नव्हतं म्हणून लिहून कळवते. माझी हरकत आहे. सही करू नकोस. पृथ्वीचं काय होईल ते होवो, मला तुझ्याशिवाय करमत नाही. बोट परत निघेल तेव्हा कागद तिथेच राहू दे, आणि तू बस तिच्यात.

तुझीच,
आई