फियाटची रास्त किंमत

२ नोव्हेंबर, रविवार, दुपारी
पडेगावात आप्पासाहेबांच्या गोठ्यात १९६८ ची फियाट सापडली. आप्पासाहेब म्हणजे सत्तरीचे शेतकरी, जन्मभर बैल घेत-विकत आलेले. गाडीतलं त्यांना काही कळत नाही, हे लगेच ओळखलं. इंजिन आहे, चाकं तीन आहेत, मागच्या सीटवर शेळी बसते. मी लई शांत राहिलो. बॉनेटवरून फक्त दोनदा हात फिरवला.
ठराव : भावनेच्या आहारी जायचं नाही. रास्त किंमत शास्त्रीय पद्धतीनं काढायची. बायकोच्या, सुलेखाच्या, स्कूटीसाठी ठेवलेल्या पैशांना धक्का लावायचा नाही.

३ नोव्हेंबर, सोमवार
बँकेत पंचावन्न हजार आहेत. ते स्कूटीचे. सुलेखा मुकुंदवाडीहून पडेगावच्या बालवाडीत शिकवायला जाते, क्रांती चौकात रिक्षा बदलून. दोन वर्षं स्कूटी-स्कूटी चाललंय. जुनी पंचवीसला मिळते. उरले तीस. फियाट तिसात बसली की दोन्ही दारात.
मी शेंद्र्याला कंपनीत क्वालिटीला आहे, अंदाजपंचे काम आपल्याला जमत नाही. एक्सेल केलं. रास्त किंमत : २८,४५०.

५ नोव्हेंबर, बुधवार
व्हर्नियर घेऊन गंज मोजून आलो. गंज ओरिजिनल आहे. ओरिजिनलचे पैसे कापायचे नसतात, उलट वाढवायचे असतात. ३४,०००. चौथं चाक विहिरीपाशी सापडलं. ३७,०००. हॉर्न वाजत नाही, पण दाबला जातो. ४१,०००. भावनेचा इथं काही संबंध नाही.

७ नोव्हेंबर, शुक्रवार
सुलेखा म्हणते, सौद्याला मीपण येते. तिचे वडील सर्जेराव बैलबाजारातले जुने दलाल. आप्पासाहेबांसारखी माणसं तोंडानं भाव करत नसतात, रुमाल, बोटं असं काहीतरी ती सांगत होती. मी कार्बोरेटरचा व्हिडिओ बघत होतो. म्हटलं, फियाट आहे, खिल्लारी जोडी नाही. मग तिनं विचारलं, स्कूटीचं नक्की ना? म्हटलं, विश्वास ठेव.

९ नोव्हेंबर, रविवार, सकाळी ७
आरशासमोर निर्विकार चेहऱ्याचा सराव केला. सुलेखानं विचारलं, दाढ दुखतेय का.

त्याच दिवशी, दुपारी १
झकास झालं. गोठ्यात पाच-सहा माणसं जमलेली. आप्पासाहेबांनी डोक्याचा रुमाल सोडून आमच्या हातांवर टाकला. काय ती अदब. रुमालाखाली त्यांनी माझी दोन बोटं दाबली. प्रेमळ माणूस. मला भरूनच आलं. मी त्यांचा अख्खा पंजा धरला, पाची बोटं. त्यांनी माझ्याकडं टक लावून बघितलं आणि पुन्हा दोनच बोटं दाबली. मी पुन्हा पंजा धरला, आणखी घट्ट. मग ते म्हणाले, व्हय, तुमची मर्जी. लगेच गूळ वाटला. मी दोन खडे खाल्ले.
भावाचा विषय अजून निघालेला नाही. पण त्यांचा माझ्यावर जीव जडलाय. स्वस्तात देतील.

त्याच दिवशी, संध्याकाळी
सुलेखाला सगळं रंगवून सांगितलं. तिनं फक्त विचारलं, किती बोटं. म्हटलं पाच. ती खाली बसली. म्हणाली, एक बोट म्हणजे दहा हजार. ते वीस मागत होते, तुम्ही पन्नास दिले, तेही दोनदा. आणि गूळ खाल्ल्यावर शब्द फिरत नाही.
भांडली असती तर बरं वाटलं असतं. रिक्षाची चिल्लर मोजून पर्समध्ये टाकली आणि कणीक मळायला गेली. मला लई वाईट वाटलं.
तशी पन्नास हजार ही किंमत वाईट नाही. एक्सेलमध्ये बसवून बघितली. बसते.

११ नोव्हेंबर, मंगळवार
बालवाडी सुटल्यावर सुलेखा परस्पर आप्पासाहेबांकडं गेली. मी हाफ डे टाकून पोचलो. त्यांच्या पत्नी सरूबाई सांगत होत्या, मालकाला दोन दिवस जेवण गोड लागत नाही. मागितल्यापेक्षा जास्त देणारं गिऱ्हाईक त्यांनी आयुष्यात पाहिलं नव्हतं. सुलेखानं सर्जेरावांचं नाव सांगितल्यावर आप्पासाहेबांनी स्वतःच रुमाल सोडला. जुना सौदा मोडला, नव्यानं बोला म्हणाले.
मी टेक्निकल बाजू सांगायला पुढं झालो. सुलेखा म्हणाली, तुम्ही जरा शेळीपाशी थांबा.
तिथून बोटं दिसत नव्हती. आप्पासाहेब दोनदा हसले, एकदा मान हलवली. गूळ आला. मला अर्धा खडा मिळाला.

१६ नोव्हेंबर, रविवार
फियाट ट्रॅक्टरला बांधून दारात आली. कागद सुलेखाच्या नावावर. जुनी स्कूटीपण आली, निळी. सुलेखा तिच्यावरून गल्लीत तीन चकरा मारून आली आणि लई दिवसांनी खळखळून हसली. मलाही बरं वाटलं.
एक्सेल उघडून विचारलं, फियाट कितीला ठरली. ती म्हणाली, रुमालाखालचा भाव दोघांतच राहतो, तिसऱ्याला सांगायचा नसतो. तिसरा म्हणजे मी. रकाना रिकामा ठेवलाय.
सध्या स्टिअरिंगवर हात ठेवून बसलोय. शेळी मागच्या सीटवरून उतरायला तयार नव्हती, म्हणून तीही आलीय. आताच आप्पासाहेबांचा फोन आला, शेळीचं काय देता. मी म्हटलं, सुलेखाशी बोला.