वहिनीच्या गाठीचा कौल

हितेंद्र,

पत्राच्या वर आशीर्वाद लिहायची आपली रीत आहे, पण आज हात धजत नाही. आईला मात्र नमस्कार सांग. तिचा गुडघा कसा आहे? फोनवर तोंडातून शिव्याच गेल्या असत्या, म्हणून हे लिहून गावी येणाऱ्या शेजाऱ्याच्या हाती देतोय.

मंगळवारी दुपारी जेवायला घरी आलो, तर तुझी वहिनी फोन स्पीकरवर ठेवून भाकऱ्या थापत होती. दारातच तुझा आवाज ऐकला. "वैनी, देवीन उजवो कौल दिल्यान. गाठ आपसूक जायत. दादाक सांगा नको, तो परत कापूक नेयत."

दोन वर्षांपूर्वी जिच्या छातीचं ऑपरेशन झालं, तिच्या काखेत नवी गाठ येते आणि महिनाभर ते तुला ठाऊक, मला नाही. तू डॉक्टर कधी झालास रे? दहावीला तर तीनदा बसलास.

सोमवारी दहा वाजता परळला सुईची तपासणी आहे. गाठ साधीही असेल, पण वेळ घालवू नका, असं डॉक्टर म्हणतात. ही अडून बसलीय, देवीचा शब्द मोडणार नाही म्हणते. माझं ऐकत नाही, तुझं ऐकते.

देवीशी माझं भांडण नाही. गाठ जाईल का, एवढंच तू तिला विचारलंस. रविवारी परत देवळात जा आणि विचार, तपासून घेऊ का. उजवा कौल आला तर तिथूनच वहिनीला फोन लाव. डावा आला तरी उजवाच सांग. त्या खोट्याचं पाप माझ्या माथी घाल, पण माझी बायको सोमवारी परळला पोचली पाहिजे.

तुझा दादा, अजून तरी,
विश्राम