तिसऱ्यांदा विचारेपर्यंत

मंगळवार, ३ नोव्हेंबर

सगळ्यांच्या आधी आली ती हिल्याच. मी बसमधून उतरून, बुटांचा चिखल झटकून वॉर्डात शिरते, तो ही शेजारीण माझ्या नवऱ्याच्या, ओइवाच्या, उशाशी खुर्ची अडवून बसलेली! वर मलाच म्हणते, ये सायमी, बस. जशी काही मीच परकी. तिचा जावई सकाळी गाडीनं शहरात येतो, तो तिला सोडतो. मला विचारलं का, येतेस का म्हणून? नाही. विचारलं असतं तरी मी नको म्हटलं असतं, ते वेगळं.

पण मुद्दा तो नाही. मुद्दा काइसू! माझी नात, लेकीची लेक. निळा झगा, छातीवर नावाची पट्टी, केस वर बांधलेले – अशी समोरून चालत आली आणि मी उभीच राहिले. नर्सचं शिकते ती, आणि शिकाऊ म्हणून नेमकी आजोबांच्याच वॉर्डात पडली. आमच्यात शिकलंय कोण? माझी शाळा फिरती. मास्तर हिवाळ्यात यायचा, कुणाच्या तरी सौनाच्या, म्हणजे वाफेच्या न्हाणीघराच्या, बाहेरच्या खोलीत आम्हाला बसवायचा, आणि अक्षरं जुळायला लागली की पुढच्या गावी निघून जायचा. आणि ही पोरगी टेप घेऊन ओइवाचा दंड मोजते! दंडावरून म्हणे कळतं माणूस आतून किती झिजलाय ते. मी हिल्याला कोपरानं ढोसलं – बघ, माझी नात.

मग दंड बघितला आणि कोपर मागे घेतलं. काठी राहिली आहे नुसती.

न्यूमोनिया गेला, ताप गेला, छाती साफ झाली. पण टाचेची जखम भरत नाही. नुसत्या मलमानं भरत नाही म्हणे, पोटात दूध, मासे, अंडी जावी लागतात, त्यातून नवं मांस धरतं. आणि ओइवा जेवत नाही.

वॉर्डाची मोठी नर्स गुनिलाबाई. समुद्रकाठची, स्वीडिश बोलणाऱ्या लोकांतली. आमची बोली जपून बोलतात, ओल्या फळीवर पाऊल टाकावं तसा एकेक शब्द. स्वभावानं चांगल्या. मला बाजूला घेऊन सगळं विचारलं – दात कसे आहेत, गिळताना ठसका लागतो का, घरी काय जेवायचे, किती वेळा. मी आपलं जे सांगायचं असतं ते सांगितलं. आमच्या घरात असतं तरी काय बाई, उकडलेला बटाटा, असेल नसेल ते. दिवस ढकलायचे झालं.

त्यांनी मान हलवली. बराच वेळ माझ्याकडे बघितलं. मग म्हणाल्या, "पुढच्या सोमवारी परत वजन करू. आणखी घटलं, तर घरी पाठवता येणार नाही. वृद्धाश्रमात जागा बघावी लागेल."

हिल्यानं उठून खुर्ची माझ्याकडे सरकवली. सकाळपासून अडवलेली ती खुर्ची.

बुधवार, ४ नोव्हेंबर

दिवसभर तोच एक शब्द डोक्यात, वृद्धाश्रम. तळ्याच्या कडेला बर्फाची साय धरलीय. होडी अजून पाण्यातच. ती दरवर्षी ओइवा ओढून काढतो.

गुरुवार, ५ नोव्हेंबर

गुरुवार म्हणजे वाटाण्याचं सूप. शाळेत तेच, सैन्यात तेच, दवाखान्यात तेच. ओइवाला ते इतकं आवडतं की लग्नानंतर पहिल्या वर्षी मला वाटलं याला दुसरं काही खाताच येत नाही. म्हणून मुद्दाम जेवणाच्या वेळेला पोचले. म्हटलं आज तरी खाईल, डोळ्यांनी बघीन.

स्वयंपाकघराची बाई ढकलगाडी घेऊन आली. दारातूनच विचारलं, "आजोबा, सूप घेणार?"

ओइवा म्हणाला, "नको नको, मला कशाला. इतरांना द्या."

चांगलं वळणाचं उत्तर. मीही तेच दिलं असतं. "बरं" म्हणाली ती, आणि गाडी पुढे.

मला वाटलं, आता वळेल. दुसऱ्यांदा विचारेल. हा म्हणेल, अहो खरंच नको. मग ती म्हणेल, घ्या हो, नाहीतर वायाच जाणार. मग हा सुस्कारा टाकून, अगदी तिच्यावर उपकार केल्यासारखा चमचा उचलेल. माणसं अशीच तर जेवतात! पहिल्या हाकेला टेबलावर जाऊन बसणारा आमच्या गावात एकच होऊन गेला, घोड्यांचा दलाल, आणि तो मेला तरी त्याचं नाव अजून निघतं. हिल्याच्या लग्नात तर पाहुणे भिंतीला टेकून उभे, तू आधी, छे छे तू आधी, करता करता कॉफीचं पाणी झालं. शेवटी पाद्रीबुवांना दोघींनी दंडाला धरून ओढत नेलं तेव्हा कुठे रांग लागली. चांगलं लग्न झालं ते.

चाकांचा आवाज लांब लांब गेला. गाडी वळली नाही. खोलीत वास तेवढा राहिला. ओइवाचं तोंड दाराकडेच.

मी उठून हाक मारायला हवी होती. पण तिथं मी पाहुणी. पाहुण्यानं दुसऱ्याच्या घरात ताट मागायचं?  शेवटी हळूच विचारलं, भूक आहे का रे?

म्हणाला, "ते एकदाच विचारतात, सायमी. घाई असते त्यांना."

तक्रार म्हणून नाही. पाऊस पडतोय म्हणावं तसं.

शुक्रवार, ६ नोव्हेंबर

काइसू घरी आली, मुद्दाम बसनं. आल्या आल्या तिला मिठी मारली, झग्याबद्दल पुन्हा सगळं विचारून घेतलं – इस्त्री कोण करतं, खिसे किती. ती हसेना. म्हणाली, आजी, बस जरा.

गुनिलाबाईंना वाटतंय की घरी आजोबांची उपासमारच होते! म्हातारी एकटी, घरात काही नाही, असेल नसेल ते खातात. म्हणून वृद्धाश्रम. हे सगळं माझ्या तोंडचं.

मी म्हटलं, अगं, तळघरात बटाटे आहेत वसंतापर्यंत पुरतील असे! मिठातले मासे आहेत, गाजरं आहेत, रानातली लाल फळं बरण्या भरून आहेत. हिल्याची कोंबडी माझ्याच अंगणात अंडी घालते.

"मग तसं का नाही सांगितलंस?"

आता याला काय उत्तर द्यायचं? असं कोण सांगतं? माझ्याकडे भरपूर आहे, या बघा – असं म्हणणाऱ्या बाईच्या घरी मी तरी जाणार नाही. आणि ते ऐकून कोणी खरं धरेल हे मला काय ठाऊक. आमच्याकडे 'काही नाही' म्हटलं की पाहुणा ओळखतो, आज दोन वेळचं आटोपूनच उठायचंय.

मग तिला सूपगाडीची गोष्ट सांगितली, हिल्याच्या लग्नाचीही. ती आधी हसली – शहरात वाढली ना, तिला ती लग्नाची गंमत वाटली. मग हसता हसता थांबली. 

"आजी, गाडी रोज येते. रोज ते नको म्हणतात. आम्ही लिहितो – अन्नाला नकार."

 मग ती कोट न चढवताच बससाठी पळाली, मी मागून कोट घेऊन.

शनिवार, ७ नोव्हेंबर

काइसूचा फोन. तिनं गुनिलाबाईंना सांगितलं, आमच्याकडे तिसऱ्यांदा विचारल्यावरच माणूस हो म्हणतो. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, पण म्हणाल्या, नको म्हणणाऱ्याच्या तोंडात घास कोंबता येत नाही. आम्ही तसं करत नाही. आणि दुसरंही म्हणाल्या – कधी कधी म्हातारं माणूस आतून ठरवतं आणि हळूहळू ताट बाजूला सारतं. ते नको खरं असतं.

हे माझ्या मनात आलंच नव्हतं. आता दुसरं काही येत नाही.

शनिवार असून सौना तापवली नाही.

रविवार, ८ नोव्हेंबर

अंगावरचा कोट न काढताच लिहायला बसलेय.

आज गाडीवाली बाई आलीच नाही. गुनिलाबाई स्वतः ताट घेऊन आल्या. मासा, बटाट्याचा लगदा, वर लोण्याचा गोळा. मागे काइसू. काइसू माझ्याकडे बघत नव्हती, मी तिच्याकडे बघत नव्हते.

"ओइवाआजोबा, मासा घेता का?"

"नको नको. इतरांना द्या."

"ताजा आहे. थोडा घ्या."

"अहो, मला नको खरंच. पडून तर असतो, कष्ट कसले करतो."

गुनिलाबाई थांबल्या. मला कळलं त्यांना काय वाटतंय – हे जबरदस्तीच्या काठावर आलं. ताट हातात तसंच. परत फिरतात की काय! मी चादरीच्या दोऱ्याशी चाळा करत बसले. आता मी बोलले तर ते माझं विचारणं झालं असतं, घरच्या माणसाचं. ते धरत नाहीत.

मग त्या म्हणाल्या, "घ्याच. तुमच्यासाठीच वाढून आणलंय."

ओइवा बोलेना. छताकडे बघत राहिला. एवढा वेळ कुणी गप्प बसतं का? मला वाटलं, झालं. गुनिलाबाई म्हणत होत्या तेच खरं. यानं ठरवलंय.

मग घसा खाकरला. "बरं. एवढं म्हणताच आहात, तर. वाया कशाला घालवायचं."

खाल्लं. सगळं खाल्लं! ताटाच्या कडेचं लोणीसुद्धा बटाट्यानं पुसून. गुनिलाबाईंनी विचारलं, आणखी आणू? ओइवा म्हणाला, नको. तशा त्या खुर्ची ओढून बसल्या आणि गंभीरपणे म्हणाल्या, "हे कितवं धरू मी?"

ओइवा एवढा हसला की खोकला लागला. काइसू पाण्याला म्हणून बाहेर गेली ती लवकर आली नाही.

सोमवार, ९ नोव्हेंबर

वजन घटलं नाही. वाढलंही नाही. एका ताटानं काय वाढणार. गुनिलाबाई म्हणाल्या, आता सगळ्यांना सांगून ठेवलंय कसं विचारायचं ते, पण घर बघितल्याशिवाय मी हो म्हणणार नाही. गुरुवारी येतात, काइसूला घेऊन.

येतात म्हणजे काही आवडलं नाही तर तिथंच नको म्हणतील. त्यांचं नको मात्र पहिल्याच वेळेला खरं असतं.

मंगळवार, १० नोव्हेंबर

गुरुवारच्या पाहुण्यांसाठी पाव-केक भाजणं चालू. पीठ संपलं म्हणून हिल्याकडे गेले. तिनं दारातच विचारलं, पीठ हवंय का, की आता तुला तीनदा विचारू? टवळी. सगळ्या गावात करून सोडलंय तिनं.

गुरुवार, १२ नोव्हेंबर

हिल्या आधीच येऊन बसलेली, साक्ष द्यायला म्हणे. मग त्या दोघी आल्या. कॉफीबरोबर खायला सात जिनसा मांडल्या होत्या – सातच्या खाली मांडायची आमच्याकडे पद्धत नाही. मी सवयीनं तोंड उघडलं, काही नाहीये हो खास – आणि काइसूनं माझ्याकडे असं बघितलं!

गिळलं ते वाक्य. कंदील घेतला, गुनिलाबाईंना तळघरात नेलं, आणि म्हटलं, "आहे. भरपूर आहे."

कान तापले माझे. उभ्या आयुष्यात असं बोलले नव्हते. वरून हिल्या ओरडली, "आणि स्वयंपाक चांगला करते! हे मी म्हणतेय, म्हणजे बघा!" तिचं हे वाक्य मी लिहूनच ठेवते, नंतर नाकारेल.

गुनिलाबाईंनी बरण्या उघडल्या, मासे हुंगले. मग सांगत गेल्या – लापशी पाण्यात नाही, दुधात शिजवायची, वर अंडं आणि लोणी. ताट मोठं नाही, लहान लहान आणि पुन्हा पुन्हा. मधल्या वेळेला ताक. खाल्लं का म्हणून विचारत बसायचं नाही, ताटात काय उरलं ते बघायचं. काइसू पाठोपाठ मान हलवत होती, ही तिची शिकवणीच.

शेवटी म्हणाल्या, "शनिवारी घरी सोडते ओइवाआजोबांना."

मी त्यांचा हात धरला तो सोडेचना. मग कॉफी. या म्हटलं, आणि त्या पहिल्या हाकेला जाऊन बसल्या! हिल्याचा आ वासलेला. मला मात्र इतकं बरं वाटलं. सातही जिनसा घेतल्या त्यांनी.

निघताना आणखी एक झालं. ते आज नाही लिहीत.

शुक्रवार, १३ नोव्हेंबर

काल दारात बूट घालता घालता गुनिलाबाईंनी विचारलं, तुम्ही काय जेवता? म्हटलं, सगळं. कोट घातला, पुन्हा विचारलं. म्हटलं, सगळंच हो, माझं काय. मग त्या बुटांसकट आत आल्या, समोर बसल्या आणि तिसऱ्यांदा विचारलं.

कॉफी, म्हटलं. ओइवाला दवाखान्यात नेलं तेव्हापासून कॉफी आणि त्यात बुडवलेला पाव. एकटीसाठी चूल कोण पेटवतं.

सोमवारी परत येते म्हणाल्या. ओइवाला बघायला नाही.