अबूनांचा फोन

मंगळवार, १९ मार्च

आज पुन्हा! दुपारी दुकानातून घरी आले तर आई स्वयंपाकघरात फरशीवर बसलेली. घामाने भिजलेली, हात थरथरताहेत. मला 'नादिया' म्हणाली — नादिया मावशी जाऊन कितीतरी वर्षं झाली. साखरेचं पाणी तोंडाला लावलं तर ओठ घट्ट मिटून घेतले. "तीन वाजले का गं?" शुद्ध जेमतेम, आणि विचारते काय तर तीन वाजले का! शेवटी बोटाने गालाच्या आतून मध चोळला.

इन्सुलिन घेणाऱ्या बाईने ईस्टरच्या आधीचा मोठा उपास असा कडक धरायचा, दुपारी तीनपर्यंत पाण्याचा थेंबही नाही — हे कुठल्या देवाला हवंय? मी औषधांच्या दुकानात बसते. याचा शेवट कुठे होतो ते मला ठाऊक आहे. आज वेळेवर आले. उद्या?

"अबूना सांगू देत, खाईन." बस, एवढंच. अबूना बानूब आमचे पाद्री. तिची पापांची कबुली तेच ऐकतात, माझीही तेच. आणि ते कैरोला गेलेत, हृदयाच्या ऑपरेशनला!

बुधवार, २० मार्च

चर्चमधल्या तरुण पाद्रींना घरी घेऊन आले. त्यांनी बिचाऱ्यांनी अर्धा तास समजावलं. आईने त्यांना चहा दिला, हाताचं चुंबन घेतलं, आणि ते जिना उतरल्यावर मला म्हणाली, "कबुलीचा बाप काय चप्पल आहे, तुटली की दुसरी घ्यायला?"

शेजारची उम्म साब्री स्वतः रमजानच्या रोज्यात. तरी दारातून आईला नावाने हाक मारून ओरडली, "इन्साफ, अगं आमच्यात साखरवाल्यांना सूट आहे! महिनाभर आमच्यात ये, ईस्टरला जा परत!" आई पोट धरून हसली. खाल्लं मात्र नाही.

कैरोला सात-आठदा फोन केला. अबूनांची बायको उचलत नाही.

शुक्रवार, २२ मार्च

चर्चमध्ये मुलींच्या वर्गाला आजचा धडा — आज्ञापालन. नेमका! "शिष्य कोणाला म्हणायचं?" मी विचारलं. सगळ्या एका सुरात, "जो उलट न विचारता ऐकतो त्याला, मिस आफाफ!" मीच पाठ करून घेतलंय मागच्या वर्षी. बराच वेळ फळा पुसत राहिले. फळा कोराच होता.

शनिवार, २३ मार्च

केलं.

सकाळी आईच्या हातून पेला पडला. तुकडे उचलता उचलता माझ्याच तोंडून निघून गेलं — "अबूनांचा फोन आला होता आत्ता. म्हणाले, इन्साफला सांग, सकाळी उठल्याबरोबर खायचं. हे माझं सांगणं आहे."

आई पांढरीफटक पडली. मला वाटलं, आता उलटतपासणी होणार. एक प्रश्न नाही! छातीवर क्रूसाची खूण केली, बसली, आणि तिळाच्या वाटणात, ताहिन्यात, भाकरी बुडवून खायला लागली. खाताना रडत होती.

कबुलीच्या बापाच्या तोंडी मी माझे शब्द घातले! डॉक्टरची खोटी सही करणं यापुढे काहीच नाही. आणि हे पाप सांगायचं कुणाला? त्यांनाच!

रविवार, २४ मार्च

ख्रिस्तप्रसाद घ्यायला गेले नाही. खांबाआड उभी राहिले. आईही गेली नाही. "पोट बरं नाही," म्हणाली.

मिस्साची उपासना संपल्यावर सूचना झाली. अबूना बानूब गुरुवारच्या ऑपरेशननंतर शुद्धीवर आलेलेच नाहीत. सर्वांनी प्रार्थना करावी.

गुरुवारपासून! आणि मी फोन घेतला शनिवारी! आईने मान वळवून माझ्याकडे पाहिलं.

मंगळवार, २६ मार्च

आई मला काही बोलली नाही. उम्म साब्रीला बोलली! आता गल्लीभर एकच — बेशुद्ध पडलेल्या अबूनांनी इन्साफच्या जेवणासाठी फोन केला. चमत्कार! दुकानात बायका औषधं घ्यायला येतात आणि माझ्याकडे टक लावून बघतात. एकीने तर माझ्या मोबाईलवर हात फिरवून तो तोंडावरून फिरवला. "आवाज कसा होता गं?"

"बारीक होता," मी म्हणाले.

बारीक! जीभ कशी झडत नाही माझी!

बुधवार, २७ मार्च

आई रोज खाते. साखर ठिकाणावर.

शुक्रवार, २९ मार्च

डोकं दुखतंय म्हणून वर्ग रद्द केला. तेही खोटं. आता सवयच लागली.

रविवार, ३१ मार्च

अबूना शुद्धीवर आले! चर्चमध्ये बायकांनी आनंदाच्या किलकाऱ्या मारल्या. मीही रडले, अगदी खरं रडले. आणि मग हिशेब करायला लागले. थोड्याच दिवसांत ते इथे मल्लावीला परततील. आल्या आल्या सगळे तेच विचारणार. मनात काय आलं माहीत आहे? बेशुद्धीत काय केलं ते त्यांना कुठे आठवणार! असा विचार करणारी बाई मी.

आईला सांगायलाच हवं. पण सांगितलं की ती खाणं सोडेल. उपास अजून महिनाभर आहे. खरं बोलून तिला फरशीवर पाडायचं, की खोटं जपून तिला जगवायचं? प्रभू, तूच सांग. कुणाच्या फोनची वाट नाही बघणार, तूच सांग.

सोमवार, १ एप्रिल

सांगितलं. भांडी घासताना, तिच्याकडे पाठ करून. "फोन आलाच नव्हता, आई. मी खोटं बोलले."

आई मागून म्हणाली, "शब्द त्यांचाच होता, पोरी. कैरोला जायच्या आदल्या दिवशी त्यांनी मला समोर बसवून सांगितलं होतं, सकाळी खायचं. मी हो म्हणाले. पण त्यांची छाती फाडणार होते गं. मी इथे खात बसू? त्यांच्याचसाठी धरला होता उपास. तू बोललीस तेव्हा वाटलं, तिथून बघितलं त्यांनी मला."

मी वळले. ती टोपलीतून भाकरी काढत होती.

"ते आले की कबुलीला आधी मी जाणार," म्हणाली. "तू माझ्यामागे."