देऊळघाटच्या सोजराबाईंची एक्केचाळीस गाणी आणि माझी मालमत्ता यांविषयी

मी, श्रीमती प्रेमला नीळकंठराव देशमुख, वय वर्षे अठ्ठावन्न, राहणार बुलढाणा, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने, दिवसाउजेडी, माझ्या घरच्या मेजावर बसून लिहीत आहे. माझे डोळे मोतीबिंदूने अधू आहेत आणि छातीचे दुखणे वर्षाहून जुने आहे. डोके मात्र पूर्ण शाबूत आहे. तसा डॉ. उत्तमराव इंगळे यांचा दाखला सोबत टाचला आहे. एरवी असा दाखला जोडण्याची रीत नाही. पण माझे धाकटे दीर वामनराव यांनी गेल्या वर्षी सरकारी अधिकाऱ्यांदेखत माझ्या डोक्याविषयी शंका काढली होती, म्हणून तो जोडणे भाग पडले. सन १९६१ मध्ये मी सर्व काही वामनरावांच्या नावे लिहून ठेवले होते. ते मृत्युपत्र आजपासून रद्द समजावे.

कलम १. मला मूलबाळ नाही. यजमान सोळा वर्षांपूर्वी वारले. अठराव्या वर्षी नागपूरच्या कॉन्व्हेंटमधून मी या घरात आले तेव्हा मला इंग्रजी कविता तोंडपाठ होत्या, पण घरातल्या गड्याला पाणी आणायला सांगणे जमत नव्हते. ‘आणून राह्यलो’ म्हणजे काय, हे मला सोजराबाईंनी शिकवले. सोजराबाई तुळशीराम सुरडकर, राहणार देऊळघाट. लोकांच्या शेतात कापूस वेचायला जात आणि लग्नाघरी हळदीची गाणी म्हणत. गाणी स्वतः रचत. लिहिता येत नव्हते, अजूनही येत नाही. आमच्या घरी कार्य असले की माझ्या सासूबाई, अन्नपूर्णाबाई, त्यांच्यासाठी बैलांची दमणी पाठवत. सोजराबाई जात्याला हात लावत आणि पहिल्या पायलीबरोबर नवे गाणे सुरू होई. मी पदर तोंडाशी धरून बसत असे, रडू दिसू नये म्हणून.

या भागात एक रीत आहे. ज्या घरी गाणे म्हणायचे त्या घरच्या मालकिणीचे नाव शेवटच्या ओळीत घालायचे. तो त्या घराचा मान असतो. आमच्या घरी त्या म्हणत:

चुलीवरला धूर सांगे, लेक चालली चालली,
अन्नपूर्णाबाईची वो, ओटी डोळ्यायनं भिजली.

हेच गाणे शेजारी म्हटले तर शेजारणीचे नाव. चिखलीला म्हटले तर तिथल्या पाटलिणीचे. गाणारणीचे नाव कुठेच नाही.

कलम २. माझी चूक मी येथे लिहून ठेवते. बारा वर्षे मी ही गाणी दोन वह्यांत उतरवून घेतली. आमच्या घरी ऐकली तशी, म्हणजे शेवटी सासूबाईंचे नाव असलेली. कॉन्व्हेंटमध्ये आमच्या मोज्यांवरसुद्धा लाल दोऱ्याने नाव शिवलेले असे. सिस्टर रोज तपासत. एवढी सवय लागलेल्या बाईने त्या वह्यांवर सोजराबाईंचे नाव घातले नाही. मला वाटले, कोणाची गाणी हे सर्वांना ठाऊकच आहे.

सासूबाई गेल्यावर वामनरावांनी वह्या मागितल्या, मी दिल्या. सन १९६४ मध्ये सरकारी अनुदान मिळवून त्यांनी ‘अन्नपूर्णा-गीते’ हे पुस्तक काढले. गाण्यांची मुद्रिते मी आनंदाने तपासली; त्यासाठी परत आलेल्या वह्या तेव्हापासून माझ्याकडेच आहेत. पहिले पान मात्र प्रकाशनाच्या दिवशीच पाहिले. त्यावर ‘रचना: कै. अन्नपूर्णाबाई देशमुख’ असे होते.

मी म्हटले, “भाऊजी, हे काय?”

ते म्हणाले, “वहिनी, प्रत्येक गाण्यात आईचे नाव आहे. आणखी पुरावा कोणता हवा?”

मंडपात हारतुरे चालले होते. घरची अब्रू म्हणून मी गप्प राहिले. तीन वर्षांपूर्वीचे ते गप्प राहणे मला अजून जेवताना आठवते.

कलम ३. गेल्या वर्षी सरकारने वृद्ध कवी-कलावंतांना दरमहा मानधन देण्यासाठी अर्ज मागवले. सोजराबाईंचा अर्ज मी भरला. मुलाखतीला त्यांना घेऊन मी विश्रामगृहावर गेले. समितीत बाहेरगावचे दोन अधिकारी होते, आणि स्थानिक सभासद म्हणून, शारदोपासक वाङ्मय मंडळाचे अध्यक्ष या नात्याने, वामनराव. तिथे जे झाले ते शब्दशः लिहिते.

अधिकारी म्हणाले, “प्रकाशित पुस्तक कोणते?”

“पुस्तक नाई साहेब. देऊळघाटच्या कोण्याबी बाईले विचारा, साऱ्याइले माहीत हाय मी गाणे करतो ते.”

“बायांना कसं विचारणार? बरं, एखादं म्हणा.”

सोजराबाईंनी म्हटले. अधिकाऱ्यांपुढे ‘अन्नपूर्णा-गीते’ची प्रत होती. त्यांनी पाने चाळली, थांबले आणि हसले. “हे तर पान बावीसवर छापलेलं आहे. बाई, पाठांतर चांगलं आहे तुमचं.”

“पाठांतर? माह्यंच हाय ते. मी काऊन पाठ करू?”

अधिकाऱ्यांनी वामनरावांकडे पाहिले. वामनराव छताच्या पंख्याकडे पाहत होते. मी उभी राहिले आणि सांगितले की गाणे या बाईंचे आहे, माझ्यादेखत झालेले आहे, नाव फक्त मानासाठी आहे. तेव्हा वामनराव फार मायेने म्हणाले, “वहिनींची प्रकृती अलीकडे बरी नसते. दादा गेल्यापासून मनावर परिणाम झालाय. बसा वहिनी, पाणी घ्या.”

कोणीतरी खरोखरच पाणी आणून दिले. दोन महिन्यांनी उत्तर आले: ‘स्वतंत्र रचना आढळून येत नाही. अर्ज नामंजूर.’ सोजराबाई सत्तरीला आल्या आहेत. आजही खुरपणीला जातात.

कलम ४. बुलढाण्याचे माझे राहते घर, विहीर व मागच्या अंगणासह, मी सोजराबाई सुरडकर यांना त्या हयात असेपर्यंत राहण्यासाठी देते. पुढची बैठकीची खोली अकरा वर्षे शारदोपासक वाङ्मय मंडळ फुकट वापरीत आहे. माझ्या तेराव्याच्या आत मंडळाने आपली कपाटे, मानपत्रे, घंटा आणि अध्यक्षांची गादीची खुर्ची तेथून न्यावी. न नेल्यास ती रस्त्यावर ठेवावीत, पाऊस असला तरी. अकरा वर्षांत या खोलीत चार भिंतींबाहेरचा एकही कवी बोलावला गेला नाही. सभासद एकमेकांना ऐकवत, एकमेकांना हार घालत आणि माझा चहा पीत.

कलम ५. वामनराव यांस:
(अ) ‘अन्नपूर्णा-गीते’च्या न खपलेल्या दोनशे सोळा प्रती, ज्या माझ्या धान्याच्या कोठीत आहेत. उंदरांनी कुरतडल्या आहेत. उंदरांसह न्याव्यात.
(आ) अमडापूरची बारा एकर जमीन, एका अटीवर. माझ्या मृत्यूपासून एक वर्षाच्या आत त्यांनी देऊळघाटला भर दिवसा, चावडीसमोर, गावच्या बाया बोलावून, या मृत्युपत्राची कलमे एक, दोन व तीन मोठ्याने वाचावीत. एकही शब्द गाळू नये. पंख्याकडे पाहिल्याचाही नाही. शेवटी सोजराबाईंकडे वळून ‘मी खोटे बोललो’ हे तीन शब्द उच्चारावेत. सगळे झाल्याचा दाखला तिथल्या कोणत्याही पाच बायांनी अंगठ्यानिशी द्यावा. बायांना विचारता येत नाही ही सरकारची अडचण होती, माझी नाही.

त्यांनी असे न केल्यास जमीन कलम ७ मधील निधीत जावी. त्यांना जमीन फार हवी आहे, हे मला ठाऊक आहे. आज तीस वर्षे ते तिथल्या बांधावरून चालताना पावले मोजतात.

कलम ६. जाऊबाई सौ. पुष्पाबाई यांना माझी निळी पैठणी. विश्रामगृहावरून मी परतले तेव्हा त्या म्हणाल्या होत्या, “इंग्रजी शाळेत शिकलेल्यांना मराठी गाण्यातलं काय कळणार?” ती पैठणी त्यांना कधी शोभली नाही आणि शोभणार नाही, तरी त्या नेसतील. एरवी त्यांनी माझ्या आजारपणात दोनदा पेज आणून दिली होती, त्याबद्दल चांदीचे तांब्या-भांडेही द्यावे.

कलम ७. पोस्टातली शिल्लक व माझ्या पाटल्या विकून येईल ती रक्कम यांचा ‘गाणारणीचा निधी’ करावा. व्यवस्था कुमारी शारदा खेडेकर, मुलींच्या शाळेतील शिक्षिका, यांनी पाहावी. त्यांनाच मी व्यवस्थापक नेमते. निधीतून सोजराबाईंना दरमहा सरकारी मानधनापेक्षा एक रुपया अधिक द्यावा. तो एक रुपया केवळ माझ्या समाधानासाठी आहे.

उरलेल्यातून जिल्ह्यातील अशाच बायाबापड्यांना द्यावे, आणि देताना पुढील गोष्टी पाळाव्यात. छापील पुस्तक मागू नये. कवीला कचेरीत बोलावू नये, शारदाबाईंनी त्याच्या गावी जावे. मळणीच्या आणि वेचणीच्या दिवसांत जाऊ नये. गाणे ऐकल्यावर आधी नाव विचारावे, मग गाणे लिहावे. शंका आल्यास शेजारच्या आळीत चौकशी करावी. जो मंडळाचा अध्यक्ष आहे किंवा कधी होता, त्याला निवडीत बसवू नये. सरकारला हे सारे माझ्यापेक्षा स्वस्तात करता आले असते. गावोगाव ग्रामसेवक आहेत, शाळामास्तर आहेत. त्यांना एक वही आणि एक दिवस दिला असता तरी पुरले असते. या परिच्छेदाची नक्कल दरवर्षी मानधनाच्या कचेरीला रजिस्टर पोस्टाने पाठवावी, पोचपावतीसह.

कलम ८. माझ्या मूळ दोन वह्या शारदाबाईंना. त्यांनी ती एक्केचाळीस गाणी सोजराबाईंच्या नावाने पुन्हा छापावीत व शेवटच्या ओळीतील नाव प्रत्येक गाण्यातून काढावे.

कलम ९. माझ्या मृत्यूनंतर मंडळाने शोकसभा घेऊ नये. माझ्यावर कविता करू नये. वामनरावांनी स्मशानात भाषण करू नये. त्यांनी तोंड उघडल्यास डॉ. इंगळे यांनी त्यांच्या प्रकृतीची चौकशी करून त्यांना पाणी द्यावे.

कलम १०. इथवर लिहून मी कालच सही करणार होते. पण सोजराबाईंना विचारल्यावाचून त्यांच्याविषयी लिहिणे हे मी एकदा केलेच आहे. म्हणून आज सकाळी त्यांना बोलावून सगळे वाचून दाखवले. अध्यक्षांची खुर्ची रस्त्यावर येणार हे ऐकून त्या खूप हसल्या. घराबद्दल म्हणाल्या, “घर चांगलं हाय, पण मी कोंबड्या आणीन, आधीच सांगून ठेवतो.” कोंबड्यांना माझी संमती आहे. कलम ८ ला मात्र त्यांनी हात वर केला.

“एक्केचाळीस नाई, वैनीबाई. चाळीस.”

मी म्हटले, “मी स्वतः मोजलीत.”

“मोजनं बराबर हाय. पन ते पाळन्याचं गाणं तुमच्या सासूचं हाय.”

“म्हणजे ते त्यांनी केलं?”

“केलं मीनंच. पन माह्यी पोरगी गेली तवा सव्वा महिना तुमची सासू रोज येत होती माह्या घरी. माह्या हातानं घास उचलत नव्हता, ते भरवे. कोनाले सांगितलं नाई तिनं. तवा ते गाणं केलं. ते मान म्हनून नाव नाई घातलं. तिच्यासाठीच केलं. तिचं नाव काढलं तं त्यात काई राह्यत नाई.”

चाळीस वर्षे मी या घरात होते आणि हे मला माहीत नव्हते. वामनरावांनाही माहीत नसावे. मी सांगितले की त्यांच्या पुस्तकातले एकही गाणे मी देशमुख घराण्याच्या नावावर राहू देणार नाही. सोजराबाई म्हणाल्या, “गाणं माह्यं हाय ना? मंग कोनाले द्याचं ते मी सांगीन.”

म्हणून माझ्या मनाविरुद्ध, पण कवीच्या आज्ञेने, असे ठरवते: चाळीस गाण्यांतून नाव काढावे. पाळण्याचे गाणे अन्नपूर्णाबाईंच्या नावासह छापावे आणि खाली ‘सोजराबाई सुरडकर यांनी अन्नपूर्णाबाईंसाठी रचले’ असे लिहावे. चावडीसमोर वामनरावांनी हे कलमही वाचावे. हे वाचताना मात्र ते खाली बसले तरी चालेल. ही सवलत सोजराबाईंची आहे, माझी नाही.

हे कलम त्यांनी माझ्याकडून तीनदा वाचून घेतले. दुसऱ्या वेळी ‘भरवे’ हा शब्द मी ‘भरवीत असे’ केला होता, तो पूर्ववत करायला लावला. मग म्हणाल्या, “हं. आता करा सही.”

(सही) प्रेमला नीळकंठराव देशमुख

वरील मजकूर बाईंनी आमच्यासमोर वाचून पाहिला व आमच्यासमोर सही केली. आम्हीही त्यांच्यासमोर सह्या केल्या.

साक्षीदार:
१. (सही) डॉ. उत्तमराव इंगळे, बुलढाणा
२. (सही) जानराव सपकाळ, सेवानिवृत्त पोस्टमास्तर, बुलढाणा

स्थळ: बुलढाणा
दिनांक: १८ नोव्हेंबर १९६७