सेनापतीचं पान

रविवार, सर्वपित्री अमावस्या. बूढापारा.

आज गच्चीवर दोन पानं वाढली. एक ह्यांचं, दुसरं त्या सेनापतीचं. काल शेजारची पिंकी परीक्षेचा धडा मोठ्याने वाचत होती, त्यातलाच हा सेनापती. परमुलखात जन्मलेला माणूस, दुसऱ्यांचं बुडतं साम्राज्य जन्मभर सावरत राहिला, आणि शेवटी बादशहानेच त्याला मारवून टाकलं. मागे रडायला कोणी नाही.

"आजी, वो तो हिंदू भी नहीं था," आज दुसरं पान पाहून पिंकी हसली.

"म्हणून काय उपाशी राहील तो?"

तर कावळा आला तो सेनापतीच्याच पानावर. ह्यांच्या पानाकडे पाहिलंसुद्धा नाही. दोन वाजले. इच्छा राहिली की पितर घास घेत नाहीत. ह्यांची इच्छा मला ठाऊक आहे, मुलगा परदेशातून एकदा घरी यावा. तो येईल असं मी म्हणाले असते तर कदाचित कावळा शिवलाही असता. पण पितरांपुढे खोटं कसं बोलू? सेनापतीला कोणाची वाट पाहायची नव्हती, म्हणून त्याचं सोपं झालं का?

शेवटी हात जोडून खरं तेच सांगितलं, "तो नाही येत आता. मले फोनवर म्हणाला."

कावळा नाही आला. ह्यांचं पान गाईला दिलं आणि जेवायला बसले.